नवा परवाना आणि पहिला पावसाळा

मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास महाराष्ट्रात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोकण किनाऱ्यावर येऊन थडकतो आणि महाविद्यालयांच्या प्रवेशाची धांदल उडते. बारावीचा निकाल लागलेला असतो, वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली असतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रादेशिक परिवहन कार्यालयातील चाचणी देऊन वाहन चालविण्याचा पक्का परवानाही हाती आलेला असतो. महाविद्यालय दूर, बसच्या वेळा गैरसोयीच्या, म्हणून घरात नवी स्कूटर किंवा मोटारसायकल येते. अशा रीतीने जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात राज्यातील असंख्य तरुण आणि तरुणी प्रथमच ओल्या रस्त्यावर वाहन घेऊन बाहेर पडतात. त्यांचे आतापर्यंतचे सारे शिक्षण मात्र कोरड्या रस्त्यावर झालेले असते.

हा योगायोग वरवर पाहता किरकोळ वाटतो. पण तो तसा नाही. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात ऑक्टोबरच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत पाऊस जवळजवळ नसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्याखालील १९८९ चे केंद्रीय नियम यांनुसार शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि तो मिळाल्यानंतर किमान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. डिसेंबरात शिकाऊ परवाना घेऊन फेब्रुवारीत पक्का परवाना मिळविणाऱ्या चालकाला चार महिने रोज वाहन चालवूनही पावसाची एक सर अंगावर घेण्याचा प्रसंग येत नाही. परवान्यावर ऋतूची अट नसते. कायद्याच्या दृष्टीने तो जानेवारीत जितका लायक तितकाच जुलैत लायक असतो. रस्ता मात्र दोन्ही महिन्यांत सारखा राहत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्तींना प्राण गमवावे लागले. त्यांपैकी सुमारे ६६ टक्के १८ ते ४५ या वयोगटातील होत्या आणि ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होत्या. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. याच अहवालांवरून असेही दिसते की देशातील सुमारे तीन चतुर्थांश अपघात निरभ्र हवेत होतात. म्हणजे पाऊस हाच सर्वांत मोठा शत्रू आहे असे म्हणता येणार नाही. वर्षातील बहुतेक दिवस कोरडे असतात हेही त्याचे एक कारण आहे. मग ओल्या रस्त्याचा स्वतंत्र विचार कशासाठी? तर नवख्या चालकाच्या चुका एरवी ज्या थोड्याफार मोकळिकीमुळे खपून जातात, ती मोकळीक पाऊस काढून घेतो. कोरड्या रस्त्यावर उशिरा दाबलेला ब्रेक गाडी थांबवतो आणि चालकाला आपली चूक कळतही नाही. ओल्या रस्त्यावर तीच चूक दवाखान्यात कळते.

पहिल्या सरीची निसरण

रस्ता सर्वाधिक निसरडा केव्हा असतो, असे विचारले तर बहुतेक नवे चालक ‘मुसळधार पावसात’ असे उत्तर देतील. जुने चालक ‘पहिल्या पावसात’ असे म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे. आठ महिन्यांच्या कोरड्या काळात डांबरावर वाहनांतून ठिबकलेले तेल, डिझेल, टायरच्या झिजेतून सुटलेला रबराचा भुसा आणि धूळ यांचा थर साचतो. वळवाची किंवा मृगाची पहिली सर आली की पाणी या थरात मिसळून एक बुळबुळीत लेप तयार होतो. पाऊस जोराचा असेल तर हा लेप काही वेळात धुऊन जातो. नुसती भुरभुर असेल तर तो तासन्‌तास तसाच राहतो. म्हणूनच ज्या पावसात रेनकोट घालावासाही वाटत नाही, तोच पाऊस चाकांच्या दृष्टीने अधिक वाईट असतो. अमेरिकेत १९७५ ते २००० या काळातील अपघातांची पाहणी करून डॅनियल आयझेनबर्ग यांनी २००४ मध्ये असे दाखवून दिले की आधीचा पाऊस होऊन जितके अधिक दिवस लोटलेले असतात, तितका नंतरच्या पावसात अपघातांचा धोका वाढतो. जेथे दोन पावसांत महिनोन्‌महिने लोटतात त्या महाराष्ट्राने तर या निष्कर्षाची विशेष दखल घेतली पाहिजे.

या लेपात प्रत्येक प्रदेश आपली भर घालतो. विदर्भ-मराठवाड्यात पेरणीच्या दिवसांत शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरी रस्त्यावर येते. ती भिजली की तिच्यासारखे निसरडे दुसरे काही नाही. कोकणात लाल मातीचे ओघळ वळणावर उतरतात आणि झाडांच्या सावलीत रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते. शहरांत जांभळाच्या झाडाखाली जूनमध्ये फळांचा सडा पडतो आणि चाकाखाली चिरडून त्याचा रस्ताभर चिखल होतो. ज्याला रोज त्याच वाटेने जायचे असते, त्याला अशी झाडे ठाऊक होऊन जातात. नव्याला ती ठाऊक नसतात. गटारांची लोखंडी झाकणे, पुलावरील लोखंडी सांधे, रेल्वे फाटकातील रूळ, पादचारी पट्ट्यांचा गुळगुळीत रंग आणि गल्लीबोळांतील पेव्हर ब्लॉक हीदेखील पावसाळ्यापुरती धोक्याची ठिकाणे बनतात.

पाच मैलांचा फरक नव्हे, प्राणांचा फरक

ओल्या रस्त्यावर वाहन थांबायला अधिक अंतर लागते हे सर्वांना माहीत असते. किती अधिक, हे फार थोड्यांना माहीत असते. साध्या गणिताने ते काढता येते. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर व रस्ता यांमधील घर्षणाचा गुणांक साधारणतः ०.७ धरतात, ओल्या रस्त्यावर तो ०.४ च्या आसपास येतो. चालकाला धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन या दीड सेकंदातच २५ मीटर पुढे गेलेले असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर ते सुमारे २० मीटरांत, तर ओल्या रस्त्यावर सुमारे ३५ मीटरांत थांबते. म्हणजे एकूण अंतर कोरड्यात ४५ मीटर आणि ओल्यात ६० मीटर.

आता समजा, काका आणि पुतण्या आपापल्या दुचाकीवरून पावसात एकाच रस्त्याने चालले आहेत. काकांनी वेग ५० वर आणला आहे. पुतण्या नेहमीच्या सवयीने ६० वर आहे. दोघांच्याही पुढे ४५ मीटरांवर एक गाय रस्त्यात येते आणि दोघेही एकाच क्षणी ब्रेक दाबतात. काकांची गाडी गाईच्या अगदी जवळ जाऊन थांबते. पुतण्याची गाडी त्याच जागी पोहोचते तेव्हा तिचा वेग किती असेल? ऐकणारा सहज म्हणेल, दहा. प्रत्यक्षात तो ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो. दोघांच्या वेगात फरक होता केवळ दहाचा; परिणामात फरक पडला तो थांबणे आणि चाळिसाच्या वेगाने आदळणे यांतला. वेगाचा परिणाम त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा भौतिकशास्त्राचा नियम पुतण्याने नुकत्याच दिलेल्या परीक्षेत लिहिलेलाही असेल. रस्त्यावर तो त्याला आठवत नाही, कारण अजून तो अंगवळणी पडलेला नाही.

चारचाकीच्या बाबतीत आणखी एक प्रकार घडतो. रस्त्यावर पाण्याचा थर साचला असेल आणि वेग बराच असेल तर टायरला ते पाणी बाजूला सारण्यास वेळ मिळत नाही. टायर रस्त्यावरून उचलला जाऊन पाण्यावर तरंगू लागतो. अशा वेळी सुकाणू हलके लागते, ब्रेकचा उपयोग होत नाही आणि गाडी आपल्या मर्जीने जाते. विमाने ओल्या धावपट्टीवरून घसरू लागली तेव्हा अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने १९६० नंतरच्या काही वर्षांत या प्रकाराचा सखोल अभ्यास केला. त्यातून निघालेल्या सूत्रानुसार ३० पौंड हवा भरलेल्या टायरच्या बाबतीत हा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर येतो. हवा २० पौंडांवर उतरली तर तो ७५ च्याही खाली येतो. टायर झिजलेला असेल तर त्याहूनही कमी वेगात गाडी तरंगू शकते. टायरवरील नक्षी शोभेसाठी नसून पाण्याला वाट देण्यासाठी असते. केंद्रीय नियमांनुसार ही नक्षी दुचाकी व तीनचाकीसाठी किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर मोटार वाहनांसाठी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. जुनी गाडी मुलाच्या हवाली करताना तिला रंग लावून देणारे पालक पुष्कळ आढळतात. टायर बदलून देणारे त्या मानाने थोडे.

अनुभव म्हणजे नेमके काय?

नव्या चालकाला ‘अनुभव नाही’ असे म्हणणे सोपे आहे. पण अनुभवी माणसापाशी असे काय असते की जे नव्यापाशी नसते? हात-पाय तर तरुणाचे अधिक चपळ असतात, दृष्टी अधिक तीक्ष्ण असते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात मोरंट आणि रॉकवेल या दोघा संशोधकांनी चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या आणि त्यांचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. नवे चालक वाहनाच्या अगदी पुढ्यातील रस्त्याकडे पाहतात, त्यांची नजर लहानशा टापूत फिरते आणि आरशाकडे ती कमी वेळा जाते, असे त्यांना आढळून आले. अनुभवी चालक दूरवर आणि दोन्ही बाजूंना पाहत असतो. यावरून असे म्हणता येईल की अनुभव हा हातापायांपेक्षा डोळ्यांत अधिक साठतो. पुढील वळणावर रस्त्याचा रंग काळपट चमकतो आहे, समोरचा ट्रक चिखलाचे थेंब उडवतो आहे, थांब्यावर उभी असलेली एस.टी. आता निघणार आहे, तिच्या आडून छत्री घेतलेले कोणी रस्ता ओलांडणार आहे, हे सर्व त्याला आधीच दिसते. म्हणून त्याला ब्रेक जोरात दाबावा लागत नाही.

यावर सहज सुचणारा उपाय असा की तरुणांना घसरलेली गाडी सावरण्याचेच शिक्षण द्यावे. मुद्दाम ओल्या केलेल्या मैदानावर त्यांना गाडी घसरवायला लावावी आणि ती ताब्यात कशी आणायची हे दाखवावे. हा उपाय पावसाच्या नव्हे, पण बर्फाच्या देशांनी करून पाहिला आहे आणि त्यांचा अनुभव विचार करायला लावणारा आहे. नॉर्वेने १९७९ मध्ये नव्या चालकांसाठी निसरड्या रस्त्यावरील सराव सक्तीचा केला. त्यानंतरच्या पाहणीत असे दिसले की निसरड्या रस्त्यावरील तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी उलट वाढले. स्वीडनमध्ये ग्रेगर्सन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात याचे कारण उलगडते. तरुणांच्या एका गटाला निसरड्या रस्त्यावर ब्रेक लावून गाडी वळविण्याचे कौशल्य शिकविण्यात आले. दुसऱ्या गटाला आपले कौशल्य अशा प्रसंगी किती अपुरे पडते याची जाणीव करून देण्यात आली. नंतरच्या चाचणीत दोन्ही गटांची कामगिरी सारखीच ठरली. मात्र कौशल्य शिकलेल्या गटाला आपण अधिक तरबेज झालो आहोत असे वाटू लागले होते. स्वीडनने पुढे, १९९९ मध्ये, आपल्या अभ्यासक्रमाचा रोख सावरण्याच्या कसरतीवरून धोका ओळखण्याकडे वळविला.

या दोन देशांच्या अनुभवातून निघणारी गोष्ट महाराष्ट्रालाही लागू पडते. घसरण्यास लागलेली गाडी सावरणे ही चालकाची कसोटी नव्हे. घसरण्याची वेळ येणारच नाही असा वेग आधीच धरणे ही कसोटी होय. आणि नव्या चालकाचा आत्मविश्वास त्याच्या अनुभवापेक्षा वेगाने वाढतो, येथेच सारी मेख आहे. गाडी शिकल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो भीत भीत चालवतो. चार महिन्यांनंतर क्लच, गिअर, ब्रेक यांकडे लक्ष द्यावे लागत नाही, हात आपोआप चालू लागतात आणि आपल्याला गाडी आली असे त्याला वाटते. फेब्रुवारीत परवाना मिळालेल्याचे हे चार महिने नेमके जूनमध्ये भरतात.

दुचाकीचा हिशेब

मोटारसायकलीचा एक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या भागावर. अशा दोन तळहातांवर गाडी, चालक, मागे बसलेला मित्र आणि पाठीवरचे दप्तर यांचा भार असतो. या मर्यादित पकडीतून वळणेही साधायचे असते आणि थांबणेही. दोन्ही एकदम मागितले की पकड सुटते. म्हणून पावसात वळणाच्या आत ब्रेक लावू नये. वळण सुरू होण्यापूर्वी, गाडी सरळ उभी असतानाच वेग कमी करून घ्यावा. पुढचा ब्रेक धोक्याचा, म्हणून त्याला हातच लावायचा नाही, अशी एक समजूत तरुणांमध्ये आढळते. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येत असल्याने थांबविण्याचे निम्म्याहून अधिक काम तेच चाक करते. त्याचा ब्रेक टाळला तर गाडी थांबत नाही आणि तो एकदम आवळला तर चाक जाम होऊन गाडी आडवी होते. दोन्ही ब्रेक बरोबर, हळूहळू वाढत्या दाबाने लावणे हाच मार्ग असून तो रिकाम्या मैदानावर शिकता येतो.

एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी ‘एबीएस’ यंत्रणा आवश्यक झाली, तर लहान दुचाकींना एक ब्रेक दाबल्यावर दोन्ही चाकांवर परिणाम करणारी जोडब्रेक व्यवस्था आली. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. मात्र त्या घर्षण निर्माण करू शकत नाहीत. काळ्या मातीच्या चिखलावर पकडच नसेल तर सर्वांत महागडी यंत्रणाही ती आणणार कोठून? शिवाय ज्या घरांत वापरलेली जुनी दुचाकी मुलाकडे येते, तेथे यांपैकी काहीच नसते.

पावसात दिसणे आणि दिसून येणे या दोन्ही गोष्टी अवघड होतात. हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरते, म्हणून तरुण ती वर सरकवतात. मग पावसाचे थेंब सुयांसारखे डोळ्यांना टोचतात आणि नजर आपोआप खाली, पुढच्या चाकाकडे जाते. काच किंचित उघडी ठेवून हवा खेळती राहिली की वाफ जमत नाही. काही चालक तर पावसात हेल्मेट काढून हाताला अडकवतात. रेनकोट गडद रंगाचा घेण्याची पद्धत आहे, कारण तो मळखाऊ असतो; ट्रकचालकाला मात्र पावसाच्या पडद्यातून तो दिसत नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. त्यापूर्वीच्या गाड्यांवर तो चालकानेच लावला पाहिजे. आणि मागे बसलेल्याने चालत्या गाडीवर छत्री उघडणे हा जो प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो, त्याबद्दल काय बोलावे! वाऱ्याचा एक झोत आला की छत्री शीड बनते आणि गाडीची दिशा चालकाऐवजी छत्री ठरवू लागते. रेनकोटची लोंबती टोके, ओढणी व साडीचा पदर मागच्या चाकात किंवा साखळीत अडकून झालेले अपघातही कमी नाहीत.

घाट, धुके आणि फरशी

जुलै-ऑगस्टमध्ये आंबोली, ताम्हिणी, माळशेज, वरंधा येथील धबधबे वाहू लागले की शनिवार-रविवारी तरुणांचे जथे घाटांकडे निघतात. सह्याद्रीचे हे रूप पाहू नये असे कोणी म्हणणार नाही. पण नवा चालक, नवखा रस्ता, पाऊस, धुके आणि बरोबर चार मित्र असे सर्व एकाच दिवशी एकत्र येते, हे ध्यानात घेतले पाहिजे. समवयस्क सोबती बरोबर असताना तरुण चालकाचा धोका वाढतो, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. कोणी मुद्दाम चिथावतो असे नाही. गप्पा, हास्यविनोद आणि पुढे गेलेल्या दुसऱ्या गाडीला गाठण्याची ओढ एवढे पुरेसे असते.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंधन वाचविण्याची सवय अत्यंत घातक आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढता आला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच वेगाला आवर घालते आणि ब्रेकवर भार पडत नाही. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, हा नियम जुन्या चालकांकडून कसोशीने पाळला जातो. धुक्यात दिव्याचा झोत खाली ठेवावा. वर टाकलेला झोत धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. अलीकडे पाऊस सुरू होताच चारही इंडिकेटर लावून गाडी हाकण्याची एक नवी पद्धत पडली आहे. थांबलेल्या वाहनाची खूण म्हणून हे दिवे असतात. ते लावून चालणारी गाडी डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला कळण्याचा मार्गच उरत नाही.

फरशी पुलावरून वाहणारे पाणी हा ग्रामीण भागातील दरवर्षीचा प्रसंग. पलीकडे गाव दिसत असते, घरची माणसे वाट पाहत असतात आणि पाणी ‘गुडघाभरच’ असते. परंतु सुमारे ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार उचलली जाऊ शकते आणि दोन फूट वाहते पाणी बहुतेक वाहनांना वाहून नेते. दुचाकीस त्याहूनही कमी पुरते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली आहे, हे काठावरून कळत नाही. महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन बसगाड्यांसह काही वाहने नदीत गेली. त्या बसगाड्यांचे चालक नवखे नव्हते. अंधारात, पुरात, पूल आहे की नाही हे कोणत्याही अनुभवाला दिसू शकले नसते. चालकाने जे करावयाचे ते करूनही रस्ता, पूल आणि त्यावरील खड्डे यांची जबाबदारी उरतेच, आणि ती ते बांधणाऱ्या व सांभाळणाऱ्या यंत्रणांची आहे. पाण्याखाली दडलेला खड्डा नव्या चालकाला जितका घातक, तितका क्वचितच दुसऱ्या कोणास असेल. कारण कालपर्यंत तो तेथे होता हे त्याला ठाऊक नसते.

पाण्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक काही काळ लागत नाहीत, ही गोष्टही शिकण्यानेच कळते. थोडे अंतर हळू चालवीत ब्रेक हलकेच दाबून धरले की त्या उष्णतेने ओल निघून जाते. मग मागे कोणी नाही हे पाहून एकदा ब्रेकची खात्री करून घ्यावी.

शिकण्याचा पहिला पावसाळा

काही देशांनी परवाना हा एका दिवसात मिळणारा अधिकार न मानता तो टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत स्वीकारली. न्यूझीलंडने १९८७ मध्ये अशी संपूर्ण व्यवस्था सुरू केली. तीत शिकाऊ आणि पूर्ण परवाना यांच्या मध्ये एक मर्यादित परवाना असतो आणि त्या काळात रात्री उशिरा वाहन चालविण्यावर व सोबत्यांना बसविण्यावर बंधने असतात. ब्रिटनने नोव्हेंबर २००२ पासून लेखी परीक्षेला धोका ओळखण्याची चित्रफितींवरील चाचणी जोडली. भारतातील कायद्यात असा मधला टप्पा नाही. सोळा वर्षांच्या मुलास ५० घनसेंटिमीटरपर्यंतची विनागिअर दुचाकी चालविण्याची मुभा आहे, पण तशी वाहने बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली आणि त्या परवान्यावर मोठ्या स्कूटर रस्त्यावर आल्या. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या अपराधाबद्दल पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंडाची तरतूद केली. गाडी वाहतुकीच्या दृष्टीने कोणाच्या हाती द्यावयाची हा निर्णय घरात होतो, हे या तरतुदीने मान्य केले आहे.

तो मधला टप्पा कायद्यात येईपर्यंत घराला तो घालून देता येईल. पहिल्या पावसाळ्यापुरते नव्या चालकाने परिचित रस्त्यावर, उजेडी, एकट्याने आणि पाऊस ओसरल्यानंतरच्या ओल्या रस्त्यावर आरंभ करावा. चारचाकी असेल तर शेजारी घरातील जाणत्या माणसाने बसावे. त्याने सूचनांचा भडिमार न करता आपल्याला काय दिसते आहे ते बोलत राहावे. ‘पुढे चमकतंय, तेल असेल’, ‘त्या रिक्षावाल्याने आरशात पाहिलं नाही’ अशा वाक्यांतून जे मिळते ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. रात्रीचा पाऊस, घाट आणि मागे सोबती या गोष्टी एकेक करून, महिन्यांच्या अंतराने याव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाऊस फार झाला तर गाडी तेथेच ठेवून एस.टी.ने घरी येण्याची मुलास मोकळीक हवी. ‘गाडी तिकडे का ठेवलीस?’ या प्रश्नाच्या धास्तीने कित्येक मुले न दिसणाऱ्या रस्त्यावरून घरी येतात.

मोटार-प्रशिक्षण वर्गांनाही येथे वाव आहे. मार्च-एप्रिलमध्ये शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांना जूनमध्ये एका ओल्या दिवशी पुन्हा बोलावून तासभर गाडी चालवून घेणे खर्चाचे काम नाही. रस्ता सुरक्षा सप्ताह आणि अलीकडे रस्ता सुरक्षा महिना जानेवारीत पाळला जातो. त्या वेळी महाराष्ट्रातील रस्ते ठणठणीत कोरडे असतात. महाविद्यालयांत जानेवारीत लावलेली भित्तिपत्रके जूनमध्ये पाहण्यास नवे विद्यार्थी असतात आणि पत्रके उतरलेली असतात. तीच उजळणी प्रवेशाच्या आठवड्यात, वाहनतळाच्या दारात झाली तर ती नेमकी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

सप्टेंबर संपता संपता नव्या चालकाच्या गाठी एक पावसाळा जमा होतो. मग नवरात्राच्या आसपास दोन-तीन आठवडे उघडीप पडते, रस्त्यावर पुन्हा धूळ बसते, तेल ठिबकते, उसाच्या ट्रॉल्या सुरू होण्याची वेळ जवळ येते. आणि एखाद्या संध्याकाळी, दिवाळीच्या खरेदीची गर्दी असताना, परतीचा पाऊस गडगडाटासह पंधरा मिनिटे कोसळतो. तेव्हा रस्ता पुन्हा मृगाच्या पहिल्या सरीइतकाच निसरडा झालेला असतो.